आमलेटला एक चमचा

आमच्या बल्बच्या कारखान्यात दोनशे चाळीस माणसं जेवायची, आणि त्या सगळ्यांचं जेवण एका नाकावर चालायचं. ते नाक कँटीनच्या आचाऱ्यांचं. उंच, पाठीत जरा वाकलेले, बोलायला कमी. झाकण न उघडताच सांगायचे, "कांदा अजून कच्चा आहे." त्यांना चमच्याने चव घेताना मी कधी पाहिलं नाही. जीभ फार उशिरा सांगते, असं त्यांचं म्हणणं होतं.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांना सर्दी झाली. साधीच. आठ दिवसांनी गेली आणि जाताना वास घेऊन गेली.

"येईल कदाचित," डॉक्टर म्हणाले.

"कधी?"

"कदाचित."

खारट, आंबट, गोड जिभेला कळायचं. बाकी सगळं एक तर गरम, नाहीतर गार. आचाऱ्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. तीन आठवडे हाताच्या सवयीवर निभावलं. मग एका सकाळी दूध तळाला लागलं, आणि त्याच दुधाचा चहा सगळ्यांना मिळाला. मी पॅकिंग खात्यात होतो. एक घोट घेतला आणि शेजारच्याकडे पाहिलं, तर तो कपात पाहत होता. आचाऱ्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. इतकी वर्षं भातावरून त्यांच्याशी भांडणारी माणसं गप्प बसली, तेव्हाच आचाऱ्यांनी ओळखलं, की चहा बिघडलाय.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक साहेबांनी कारण न सांगता त्यांना कोठीवर बसवलं. आलेला माल उतरवून घ्यायचा, बटाटे निवडायचे. स्वयंपाक गेला भाजी चिरणाऱ्या बाईंकडे. त्या मन लावून करायच्या, आणि आम्ही मन लावून जेवायचो.

घरी आचाऱ्यांची बायको शिवणाचे वर्ग घ्यायची. पुढचं बरंचसं मला तिच्याकडून कळलं, कारण माझी बहीण तिच्याकडे शिकायला जायची. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा ती स्पष्ट बोलायची. रोज जेवताना ती विचारायची, "कशी झालीय भाजी?" आणि आचारी सांगायचे, "गरम आहे."

एक दिवस शिलाई मशीनचा खण आवरताना तिला मुलीचा जुना व्हिडिओ गेम सापडला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. तळहाताएवढं, डबीसारखं उघडणारं यंत्र, आणि पडद्यावर टेकवायला प्लास्टिकची काडी. आत खेळ होता स्वयंपाकाचा.

"हे घ्या. कोठीत वेळ जात नाही म्हणता ना."

"म्हणजे मी आता खोटा स्वयंपाक करू?"

"खऱ्याला बोलावतंय कोण?"

त्यांनी यंत्र खिशात टाकलं.

खेळात पहिला पदार्थ होता आमलेट. पडद्याच्या कोपऱ्यात डोळे असलेली एक किटली बसलेली असे. आपण काडीने अंडं फोडायचं, फेटायचं, तव्यावर ओतायचं, वेळ झाली की उलटायचं. शेवटी किटली पाचपैकी चमचे द्यायची. दुपारी जेवणाच्या रांगेत आचारी माझ्यामागे उभे होते. घरात चोरी झाल्याच्या सुरात ते म्हणाले, "एक चमचा दिला. पाचातला एक. आमलेटला."

"किटलीने?"

"किटलीने."

दुसऱ्यांदाही एकच. तिसऱ्यांदा किटलीने नुसती मान हलवली. चौथ्यांदा आचाऱ्यांच्या लक्षात आलं, की आपण वासाची वाट बघत बसतोय. तीस वर्षं वास बदलला की हात आपोआप उलटायचा. इथे वास येणार नव्हता, म्हणून हात हलत नव्हता आणि आमलेट करपत होतं. मग त्यांनी चष्मा लावला, आवाज वाढवला आणि नुसतं बघत राहिले. आधी कडा पांढरी पडते. मग तिला बारीक तपकिरी रेघ येते, आणि त्याच क्षणी चरचर बारीक होते. त्यांनी उलटलं. चार चमचे मिळाले.

"तिथे वास नसतोच," त्यांनी मला समजावलं. "मला नाही, किटलीला नाही, खेळ बनवणाऱ्यालाही नाही. सगळे सारखेच."

त्यानंतर त्यांना नाद लागला. समोर खऱ्या बटाट्यांचं पोतं निवडायचं पडलेलं आणि आचारी खोक्यावर बसून काडीने पडद्यावरचे बटाटे सोलतायत, असं मी स्वतः पाहिलंय. सूप झालं, पाव झाला, मासा तीन दिवस अडला. घरी बायकोने हाक मारली की म्हणायचे, "थांब, सूप उकळतंय."

"कुणाकडे?" ती विचारायची.

एका रविवारी सकाळी त्यांनी तिच्याकडे शेगडी मागितली. खरं अंडं करून बघायचं होतं.

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. "एक सांगू? रागावू नका. हे चार महिने मी पहिल्यांदा निवांत स्वयंपाक केलाय. परवा लसूण करपला होता. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

आचाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "मी आधी स्वयंपाकावरून फार बोलायचो का गं?"

"जिन्यापासून. दार उघडायच्या आत मला कळायचं, आज काय चुकलंय ते."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुमचं बरोबर असायचं ना. बरोबर माणसाला काय सांगणार?"

तिने एक अंडं काढून दिलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली. आचारी वाकून तव्याकडे बघत होते, कान जवळजवळ तव्याला लावून. उलटलं. तिने तुकडा तोंडात टाकला. "बरं झालंय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "कडा छान आलीय."

महिनाभराने भाजी चिरणाऱ्या बाई ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. साहेब स्वतः कोठीत आले. आचाऱ्यांनी घाईघाईने किटलीला खिशात घातलं.

"आजचा दिवस निभावून न्याल?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मला वास येत नाही."

"अहो, ते सगळ्यांना माहीत आहे. दुधाच्या दिवसापासून."

इतके महिने साहेबांपासून जिवापाड लपवलेली गोष्ट अशी दोन वाक्यांत संपली. आचारी उठले. भटारखान्यात गेल्या गेल्या त्यांनी मोठा पंखा बंद करायला लावला, कारण चरचर ऐकू यायला हवी होती. कोठीतलं घड्याळ आणून चुलीसमोर टांगलं. आणि मागच्या मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, जरा वास बघा."

मावशींनी हात पुसले. एवढ्या वर्षांत त्यांना असं काही कुणी विचारलं नव्हतं. त्या पातेल्यावर वाकल्या. "बरा आहे."

"बरा म्हणजे? कांद्याचा येतोय की तेलाचा?"

मावशींनी पुन्हा वाकून बघितलं. "अजून तेलाचा."

"मग थांबू."

त्या दिवशी पंख्याशिवाय सगळे घामाघूम झाले, पण दोनशे चाळीस माणसं जेवली. हिशेबनीस दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले. मी मुद्दाम खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "भात गिचका झालाय." खरंच झाला होता, नेहमीसारखाच. आचारी खिडकीतून बाहेर वाकले आणि माझ्याशी पाच मिनिटं भांडले. मागची रांग थांबली होती, तरी कुणी कुरकुर केली नाही.

एका दिवसाचं काम पुढे चालूच राहिलं. बाईंचं मनगट बरं झाल्यावर त्या चुलीवर दुसऱ्या आचारी म्हणून उभ्या राहिल्या. मावशींनी अकरा वाजता मोरी सोडून पातेल्यांवरून फिरायचं, असं ठरलं. कागदावर या कामाला नाव नव्हतं. नाक काही परत आलं नाही. मधे एकदा रॉकेलसारखा कसलातरी वास आला आणि गेला.

मावशी मात्र दिवसेंदिवस तरबेज होत गेल्या. एका दुपारी टोमॅटोच्या सुपावर वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"काय झालं?" आचाऱ्यांनी विचारलं.

"माझ्या लग्नातल्यासारखा वास येतोय."

"म्हणजे चांगला की वाईट?"

मावशींनी विचार केला. "लग्न बरं नव्हतं. जेवण चांगलं होतं."

आचाऱ्यांनी गॅस बंद केला आणि वाढायला सांगितलं.