शेराची दुसरी ओळ

सिनेमातलं गाणं जिथे संपतं तिथे ते संपलं, हे आमच्या ह्यांना कधी मान्यच नसायचं. रेडिओ बंद करून म्हणायचे, "हे तीनच शेर घेतलेत. बाकीचे ऐक." सिनेमासाठी गाणी लिहिणारे उर्दू शायर मूळचे मुशायऱ्यांतले, म्हणजे कवितेच्या मैफलींतले. त्यांच्या लांबलचक गझलेतले सोपे शेर सिनेमावाले उचलत, उरलेले ह्यांना तोंडपाठ. चहा घेतला की नाही हे लक्षात राहत नसे, शेर मात्र राहायचे!

मुशायऱ्याची शिस्तही त्यांनी मला लावली होती. शायर पहिली ओळ म्हणतो, ऐकणाऱ्यांनी ती उचलायची, म्हणजे मोठ्याने पुन्हा म्हणायची, मग तो दुसरी म्हणतो. विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ऐकणारे म्हणजे मी एकटी. भाजी निवडता निवडता ओळ उचलायची. मुद्दाम गप्प राहिले तर हे तोंड पाडून बसत, पण दुसरी ओळ काही देत नसत.

हे गेले त्याला आता वर्ष होईल. परवा दुपारी त्यांचं आवडतं गाणं लागलं, संपलं, आणि सिनेमात नसलेल्या शेराची पहिली ओळ माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडली. पुढे काहीच नाही. एकेक शेर आठवून पाहिला. पहिल्या ओळी सगळ्या येत होत्या, दुसरी एकही नाही. इतकं एकटं मला ह्यांच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं. मोबाइलवर शोधलं, तर तिथेही सिनेमात होतं तेवढंच.

पनवेल गावात ह्यांचे जुने मित्र राहतात, उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे गेले. "या भाभी, बसा," म्हणेपर्यंत मी ओळ म्हणूनही टाकली. मास्तर खुलले. सवयीने त्यांनी ती उचलली आणि थांबले.

"वा! इर्शाद भाभी, पुढची येऊ द्या."

"पुढची तुम्हालाच विचारायला आले."

त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ आठवून पाहिलं. "माफ करा भाभी. हा शेर मीही त्यांच्याच तोंडून ऐकायचो."

मला रडू आवरेना. मास्तरांनी पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा, कदाचित आठवेल."

मी ओळ म्हटली. त्यांनी उचलली. आणि दोघंही वाट पाहत बसलो, आता हे दुसरी ओळ देतील म्हणून.