नानांची तिरकी नजर

सत्कारात सत्कारमूर्ती सोडून बाकी सगळे दिसतात, हे माझं जुनं मत. परवा डोळ्याच्या पडद्याच्या आजारांवर आयुष्यभर संशोधन केलेल्या बाईंचा सत्कार होता. त्यांच्या उपचाराने जेमतेम नजर वाचलेले आमचे शेजारी नाना त्यांचा चेहरा एकदा बघायला आले होते. बाईंसमोर उभे राहून ते बघत मात्र होते शेजारच्या अध्यक्षांकडे.

"माझ्याकडे काय बघता आजोबा, बाईंकडे बघा," म्हणत अध्यक्षांनी त्यांची हनुवटी वळवली. नानांच्याच आजारावर ते नुकतेच तासभर बोलले होते.

"घालवलंत बाईंना," नाना म्हणाले. "मला मधलं दिसत नाही, कडेचंच दिसतं."

बाईंनी हलकेच त्यांचा चेहरा पुन्हा अध्यक्षांकडे वळवला. "आता?"

"आता दिसताय. हे गेले."

धडधाकट डोळ्यांच्या आम्हा अभाग्यांना मात्र अध्यक्ष आभारप्रदर्शनापर्यंत दिसत राहिले.