वलथरे सरांचं मनगट

वलथरे सर मनगटाला काहीही बांधून घेत नसत. घड्याळ नाही, पूजेचा धागा नाही, गंडादोरा तर नाहीच. राखीपौर्णिमेला त्यांची बहीण आंधळगावहून यायची, तेव्हा सर उजवा हात पुढे करायचे तो तळवा वर करून. ती बिचारी राखी तळव्यावर ठेवायची, सर मूठ मिटायचे आणि झाला सण. तुमसरच्या आमच्या कॉलेजात सत्यनारायण असला की महाराज सगळ्यांना लाल धागा बांधत यायचे. सरांपाशी आले की सर शर्टाचा खिसा उघडून धरायचे आणि म्हणायचे, "याच्यात टाका महाराज. देवाले पत्ता बरोबर सापडते."

आम्ही पोरं हसायचो. सरांच्या अशा बऱ्याच गोष्टींवर आम्ही हसलो आहोत. ही एक हसण्यासारखी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, पुढे त्याच मराठी विभागात त्यांचा सहकारी झालो. सर शोकांतिका शिकवायचे. पट्टा काढून टाकलेलं घड्याळ खिशातून काढून टेबलावर ठेवायचे, खुर्ची बाजूला सारायचे आणि जुन्या नाटकांतल्या राजांबद्दल असे बोलायचे, जणू ते मोहाडी तालुक्यातच कुठेतरी राहतात आणि सरांची त्यांच्या घरी ऊठबस आहे. "नायकाची खोट म्हणजे काय?" असं विचारलं की पुढच्या बाकावरचा कुणीतरी हुशार मुलगा म्हणायचा, "त्याच्यातला दुर्गुण, सर."

"नाई गा," सर म्हणायचे. "दुर्गुणानं मरते तो खलनायक. नायक मरते आपल्या गुणानं. लोक ज्याच्यासाठी त्याले मान देतात ना, तोच गुण तो एक दिवस जरा जास्त घट्ट धरते. मंग त्यानं सोडतो म्हटलं तरी गुण त्याले सोडत नाई."

पण त्यांचं खरं लक्ष नायकावर नसायचंच. सिंहासनाच्या बाजूला भाला धरून कुणीतरी उभा असतो, ज्याला अख्ख्या नाटकात एकही वाक्य नसतं, सरांना त्याचं भारी कुतूहल होतं. "राजा पडणारच हाये, त्याच्यासाठीच तर तुम्ही तिकीट काढलं. या भालदाराकडे पाहा. तो जवळ उभा होता. त्याले काय दिसून राहिलं होतं? आन् तो काहून नाई बोलला?" मग वर्गावरून नजर फिरवत ती माझ्यावर आणून ठेवायचे. "नरेश, तुले काय दिसते?"

मला दिसायचं. पण मी उभा राहून म्हणायचो, "काही नाही, सर."

मी चिखल्याच्या माइन कॉलनीत वाढलो. वडील मँगनीजच्या खाणीत खाली उतरायचे. साहेबासमोर तोंड उघडायचं नाही, मोठ्यांना दुरुस्त करायचं नाही, हे आमच्या घरी वरणभातासोबत खाऊ घातलं जायचं. त्यामुळे कॉलनीभर माझी ख्याती 'गुणी पोरगा' अशी होती. नोकरीला लागलो त्या दिवशी सरांनी मला स्टाफरूममध्ये बाजूला घेतलं. "तुह्यात एक लय चांगला गुण हाये. तू कोनाले उलटून बोलत नाईस." मी लाजलो. सर मात्र हसले नाहीत. "त्याच्यापासून सांभाळून राहजो," ते म्हणाले.

सरांचा स्वतःचा गुण साऱ्या तुमसरला ठाऊक होता. हातात घेतलेलं ते सोडत नसत. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचं परीक्षेच्या तोंडावर लग्न ठरवलं होतं. तिचा बाप राइस मिलमध्ये हमाल होता. सर रोज दुपारी मिलच्या दारात जाऊन बसू लागले. भांडण नाही, उपदेश नाही. कोंडा उडायचा, सरांचं डोकं पांढरं व्हायचं, आणि सर नुसते बसायचे. नवव्या दिवशी तो बाप हात जोडून म्हणाला, "सर, तुमी उठा बाप्पा, पोरगी परीक्षा देते." ती आज कुठेतरी परिचारिका आहे.

याच गुणाची दुसरी बाजूही आम्ही पाहिली. आमच्या कार्यालयातल्या एका कारकुनानं भाच्यासाठी एक खोटा दाखला बनवला होता. चूक त्याची होती आणि त्यानं ती कबूलही केली, पण सरांनी प्रकरण सोडलं नाही. त्याची नोकरी गेली तेव्हाच ते थांबले. मग त्याची माफी मागायचं त्यांनी मनावर घेतलं आणि तेही सोडलं नाही. वर्षभर दर रविवारी ते त्याच्या बंद दारासमोर उभे राहत. असा माणूस जवळ असणं फार सोयीचं नसतं. मला ते बापासारखे वाटायचे आणि त्यांची भीतीही वाटायची.

मनगटाची गोष्ट मला नोकरीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात दिसली. एप्रिलच्या शेवटी पेपर तपासायला बसलो होतो. सरांनी बाह्या दुमडल्या, आणि उजव्या मनगटाभोवती एक तांबडा वळ होता. दोरी घट्ट आवळून सोडल्यावर उमटतो तसा, पिळासकट. मी पाहिलं आणि मान खाली घातली. मे महिन्यात तो वळ काळानिळा झाला. जुलैत कॉलेज उघडलं तेव्हा मनगट साफ होतं. पुढच्या एप्रिलमध्ये वळ पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. सात-आठ वर्षं मी तो पाहत होतो आणि एकदाही विचारलं नाही. शेवटी तेच म्हणाले. "विचार ना गा. इतके वर्स झाले, पाहून राहिला अन् चूप बसून राहिला."

"काय आहे सर ते?"

"गावच्या तलावाचं पानी उतरलं का उमटते. चढलं का जाते." आणि ते पुढचा पेपर तपासू लागले.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. आंधळगावच्या पलीकडे त्यांचं गाव, घराणं पिढीजात मासेमाराचं. त्या तलावाचा गाळ काढायचं ठरलं होतं आणि चार दिवसांत मशीन येणार होती. "एक काम राहिलं हाये. तू येजो. काठावर उभं राहाले कोनी पायजे," सर म्हणाले.

गेलो. भर दुपारी आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर पोचलो. तलाव अर्ध्यावर आला होता आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र ते काळं दिसत होतं. तिथं एका बुडालेल्या येनाच्या झाडाचा खुंट पाण्यावर वीतभर आला होता, गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून कुणी आपल्याकडे पाहावं तसा. साऱ्या तलावावर बगळे होते, त्या कोपऱ्यात एकही नव्हता. सरांचे चुलतभाऊ सुखरामकाका आपला डोंगा, म्हणजे अरुंद होडी, काठाला लावून देत म्हणाले, "त्या कोन्यात आमी जाळं टाकत नाई, मास्तर. तुमाले ठाऊक हाये." काका जेवायला घरी गेले.

मग सरांनी मला सांगितलं. बेशरमीच्या झुडपांच्या तुटपुंज्या सावलीत बसून, तास घेतल्यासारखं, नीट क्रमानं. ते कॉलेजात शिकत होते तेव्हाची गोष्ट. वडिलांनी सारा पावसाळा बसून एक नवं नायलॉनचं जाळं विणलं होतं. थोरला भाऊ पहिल्यांदा ते टाकायला या कोपऱ्यात उतरला. जाळ्याची दोरी मनगटाला नुसती वेढा देऊन धरायची, गाठ मारायची नाही, म्हणजे जाळं बुडातल्या खुंटाला अडकलं तर हात सोडवता येतो. हे त्यांच्याकडच्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. जाळं नवं म्हणून भावानं गाठ मारली. ते अडकलं. भाऊ ओढला जाऊ लागला. गाठ साधी होती, दातांनी सुटली असती. त्यानं काठावर उभ्या धाकट्याकडे पाहिलं.

"आन् मी काय वरडलो, माहीत हाये? 'सोडू नको, दादा!' बापानं चार महिने विणलं होतं ना ते. मी वरडलो, सोडू नको. त्यानं माहं आयकलं."

दोरी कापून भावाचा देह वर काढला होता. जाळं तिथंच राहिलं. "तो अजून सोडूनच नाई राहिला," सर म्हणाले. भूतकाळात नाही, असं. "मशीननं फाडाच्या आधी मी काढतो ते. मंग तो बी सुटन आन् मी बी."

कपडे बदलायला ते झुडपांमागे गेले. तिथे ते एकटेच होते. मी इकडे उभा होतो, पाळीवर चिटपाखरू नव्हतं. पंचा नेसून, लोखंडी आकड्याची दोरी घेऊन ते बाहेर आले. त्या दोरीचं दुसरं टोक त्यांच्या उजव्या मनगटाला बांधलेलं होतं. नुसता वेढा नव्हता. गाठ होती, दुहेरी, बरोबर वळावर बसलेली.

ज्या माणसानं जन्मभर राखी बांधून घेतली नाही, त्याच्या हाताला दोरी होती. आत्ताच त्यांनी मला सांगितलं होतं की गाठ मारायची नाही. मी काय म्हणायचं होतं? 'सर, गाठ.' एवढंच. पण मी खाणकामगाराचा पोरगा, मला पोहता येत नाही, त्यांचं सारं घराणं पाण्यावर जगलेलं. त्यांना कळत असेलच, असं मी स्वतःला सांगितलं. सरांना कसं दुरुस्त करायचं, हे त्याच्या मागचं खरं कारण होतं.

सर एकटेच डोंगा घेऊन खुंटापाशी गेले. त्यांनी आकडा पाण्यात सोडला. तो अडकला असावा, कारण ते उभे राहिले. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ऊन रणरणत होतं, वारा अजिबात नव्हता, आणि वर्गात विचारायचे तसंच त्यांनी विचारलं, "नरेश, काय दिसते?"

मला दोरी दिसत होती. सरांनी अजून ओढायला सुरुवात केली नव्हती. त्यांचा हात सैल होता. तरी दोरी सरळ, ताठ होऊन पाण्यात उतरली होती, आणि डोंगा हळूहळू खुंटाकडे सरकत होता.

"काही नाही, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडून दुसरं उत्तर येणार नाही हे ठाऊक असलेल्या मास्तरासारखी. मग डोंगा एका बाजूला कलला. आवाज फारसा झाला नाही. मी ओरडत पाळीवरून गावाकडे धावलो, चप्पल कुठे पडली कळलं नाही. लोक आले, सुखरामकाकांनी उडी घेतली. पण माणसाला बुडायला लागतो त्याहून जास्त वेळ तोपर्यंत गेला होता.

काठावर सरांना निजवलं. काका गुडघ्यावर बसून गाठ सोडवू लागले आणि एकदम थांबले. त्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं. "अशी गाठ एका हातानं बसत नाई," ते हळूच म्हणाले. मग वर माझ्याकडे बघत म्हणाले, "कोनं बांधून देल्ली? तुमाले नाई दिसली?"

मी बांधली नव्हती. एवढं तरी मी म्हणू शकलो असतो. "नाही काका," मी म्हणालो, "मला काही दिसलं नाही." पोलिसांनाही तेच सांगितलं, सरांच्या बहिणीलाही.

सर गेल्यामुळे काम दोन आठवडे लांबलं. मग मशीन आली. खुंट मुळासकट उपटला, कोपरा खोल खणला. काकांनी मुद्दाम उभं राहून पाहिलं. खुंटाला जाळं नव्हतं. एक धागासुद्धा नव्हता. नायलॉन कुजत नाही, हे मला काकांनीच सांगितलं.

आता शोकांतिका मी शिकवतो. घड्याळ टेबलावर ठेवतो, खुर्ची बाजूला सारतो. सगळं सरांचं उचललं आहे, फक्त भालदाराचा प्रश्न तेवढा वगळत आलो. यंदाच्या एप्रिलमधल्या जादा तासाला एक मुलगी आपणहून उभी राहिली. आंधळगावकडून बसनं येते, फारशी बोलत नाही. "सर, राजाच्या बाजूले जो उभा हाये, त्याले तर सगळं दिसून राहिलं होतं ना? मंग तो काहून नाई बोलला?"

"परीक्षेला हा प्रश्न येत नाही," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली.

तास संपला. फळा पुसताना माझी बाही वर सरकली. मुलं गेली होती, ती दाराशी घुटमळत होती. "सर," ती म्हणाली, "तुमच्या हाताले काय झालं?"

मी पाहिलं. उजव्या मनगटाभोवती तांबडा वळ होता. पिळासकट. सकाळी आंघोळ करताना तो नव्हता. मी बाही खाली ओढली आणि सवयीनं म्हणालो, "काही नाही."

ती वळली. दोन पावलं गेली. मला एकदम सर दिसले, डोंग्यात उभे, मान हलवणारे. मला ओळखून असलेली ती मान.

"थांब," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुला दिसलं ते तू बोललीस. चांगलं केलंस. इथं बस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे."

ती पहिल्या बाकावर बसली. मी तिच्यासमोर बाही वर केली, वळ उजेडात धरला आणि पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, "मला गाठ दिसली होती."