तुळशीमागची भिंत

अकोल्याच्या उन्हात माणूस पापडासारखा वाळतो, पण जैनबबीची भिंत काही वाळत नव्हती. चुना मारून झाला, सिमेंट थापून झालं. महिनाभरात पोपडे सुटायचे, काळी बुरशी वर यायची, आणि तिच्या नातीची, लहानग्या नगमाची, छाती घरघरू लागायची. मग बाज भिंतीपासून ओढायची. बाज ओढली की चुलीपाशी बसायला जागा नाही.

"औंदा कापसानं हात देला की भितच नवी बांधू," घरमालकीण गोदाबाई दरसाल म्हणायच्या. कापूस कसला हात देतो!

ओल कुठून येते हे जैनबबीला पक्कं ठाऊक होतं. भिंतीपलीकडे, अगदी चिकटून, गोदाबाईंचं तुळशीवृंदावन होतं आणि बाई रोज त्यात कळशीभर पाणी ओतायच्या. पण सांगणार कोण? वलगावची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली, गाव सुटलं, इथे अकोल्यात कोणी खोली देईना, तेव्हा 'ये वं' म्हणणारी ही एकटी बाई. तिच्या देवाच्या पाण्याला नावं ठेवायची, आणि तीही आपण? जीभ रेटत नसे. स्वतःच्या मुकेपणाचा जैनबबीला संताप यायचा.

दिवाळीनंतर गोदाबाई लेकीच्या बाळंतपणाला मोर्शीला निघाल्या. "माह्या तुळशीले पानी घालत जाजो वं, जैनब."

जैनबबीनं रोज कपभर घातलं, चोरी केल्यासारखं. तुळस वाळली असती तर तोंड दाखवायला जागा नव्हती. पण तुळस उलट जोमानं फुटली. भिंतही सुकली. बाज भिंतीला लागली आणि नगमा गाढ झोपू लागली.

गोदाबाई परतल्या त्या थेट तुळशीपाशी. "कशी डवरली वं! तुह्या हाताले बरकत हाय."

आता बोलायचंच, असं जैनबबीनं ठरवलं. "काकू, मी कपभरच घालत होती. तेवढं पुरते तिले. जास्तीचं पानी..."

"कपभर?" गोदाबाईंनी कपाळाला हात लावला. "महिनाभर उपाशी ठेवली तू माह्या तुळशीले! जाऊ दे, तुले काय ठाव."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भरलेली बादली उचलली, तुळशीत रिती केली, हात जोडले आणि पिशवीतून एक पुरचुंडी काढली.

"घे, मोर्शीहून ओवा आनला. नगमाच्या छातीले शेक दे."

जैनबबीनं पुरचुंडी घेतली. आत जाऊन बाज भिंतीपासून ओढली.