काचेतलं पाणी

आमच्या घरात कुकर लावायचा म्हणजे परीक्षा असते. नाना, म्हणजे माझे वडील, आधी झाकणाची रिंग चाचपतात, शिट्टी काढून तिच्या भोकातून उजेड दिसतो का ते बघतात, आणि मग आत पाणी किती घातलंस ते विचारतात. मी पन्नाशीला आलेली बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पण डाळीत किती पाणी घातलं याचं उत्तर मला रोज द्यावं लागतं. पूर्वी मी चिडायचे. "नाना, हा कुकर आहे, तुमचा कारखाना नाही," म्हणायचे. आता गुपचूप सांगते.

नाना बत्तीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आजोबांच्या काळात आमच्याकडे गुऱ्हाळ चालायचं. बैल थकले की चरक थांबायचा आणि माणसंही झाडाखाली टेकायची. मग कारखाना आला आणि वाफ आली. वाफ थकत नाही, त्यामुळे माणसाला थकायची सोय उरली नाही. हंगामात दिवसरात्र ऊस आत जायचा आणि त्याचंच चिपाड जाळून वाफ व्हायची. त्या वाफेवर रस आटायचा, त्याच वाफेवर कारखान्यातले दिवे लागायचे. गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. आई भोंगा ऐकून तव्यावर भाकरी टाकायची. नानांचा डावा कान त्या आवाजात कायमचा गेला.

अजूनही नाशिकरोडकडे जाताना वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की नाना मागच्या सीटवरून मला ढोसतात. "तुमची वीज म्हणजे काय गं? पाणीच उकळत्यात तिथं. वाफच हाय ती." हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. पण खरं आहे. एवढं जग पुढं गेलं, तरी कुठेतरी पाणी उकळतंय आणि त्या पाण्यावर नजर ठेवून कुणीतरी उभं आहे.

बॉयलरवाल्याचं खरं काम म्हणजे ती नजर. बॉयलरच्या पोटातलं पाणी दिसत नाही, म्हणून त्याच्या अंगाला एक उभी काचेची नळी बसवलेली असते. आत पाणी जेवढं, तेवढं नळीत दिसतं. पण नळीचं भोक क्षारानं बुजलं, तर आत पाणी नसतानाही नळी भरलेली दिसते. म्हणून खालची तोटी उघडून नळीतलं पाणी सोडून द्यायचं आणि तोटी परत बंद करायची. पाणी झटकन वर चढलं तर काच खरी. नाना दर पाळीला हे करायचे. बदली माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय ते काचेपासून हलायचे नाहीत, चहासाठीसुद्धा नाही. चहा त्यांना तिथंच आणून द्यायचे.

कारखाना बंद पडला, मशिनरी भंगारात गेली. आई त्याआधीच गेली होती. मी नानांना पंचवटीत माझ्याकडे आणलं. ते येताना दोनच गोष्टी घेऊन आले: बॉयलर अटेंडंटचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि काचेची एक जुनी नळी, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. सर्टिफिकेट मी हॉलमध्ये लावलं. नाना त्याच्याखाली बसून मटार सोलायचे, पेपर वाचायचे आणि मला पाणी किती घातलं ते विचारायचे.

माझी शाळा सायखेड्याच्या बाजूला. शाळेला लागूनच कांदा वाळवायचा एक कारखाना निघाला. पूर्वी गोल्टी कांदा, म्हणजे अगदी बारका, कुणी विचारत नव्हतं; बायका जमेल तेवढा चिरून छतावर उन्हात टाकायच्या आणि आभाळ आलं की गोळा करायला धावायच्या. आता बॉयलरच्या वाफेवर गरम हवा करून बाराही महिने कांदा वाळू लागला. आभाळाची भीती गेली. तिच्या जागी पाळीची भीती आली. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया सकाळी आठला तिथं चिरायला बसायच्या. पोरं डबा न घेता यायची, आणि वह्यांनासुद्धा कांद्याचा वास यायचा.

बॉयलर चालवायला सर्टिफिकेटवाला माणूस लागतो, तसा कायदाच आहे. कारखान्याच्या शेठला तो मिळत नव्हता, किंवा स्वस्तात मिळत नव्हता. नानांबद्दल कुणीतरी सांगितलं असावं. एक दिवस तो शाळेत आला. "मॅडम, काकांनी काही करायचं नाही. सर्टिफिकेट आमच्या भिंतीवर लावायचं. महिन्यातून एकदा येऊन वहीत सह्या करायच्या."

नाना नको म्हणाले. "माणूस तिथं नाय आणि कागद तिथं? असं नसतं गं."

मीच मागे लागले. घरात धूळ खात पडण्यापेक्षा काय वाईट, तुम्हालाही चार माणसं भेटतील, महिन्याला चार पैसे येतील. सगळीकडे असंच चालतं, हेही म्हणाले. हे मला आत्ता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अजिबात वाटली नव्हती. शेवटी माझी कटकट नको म्हणून नानांनी भिंतीवरून फ्रेम उतरवून माझ्या हातात दिली.

प्रत्यक्षात बॉयलर चालवायचा तो पेठ तालुक्याकडचा एक माणूस. द्राक्षाच्या कामाला बायकोबरोबर डोंगरातून उतरलेला, चाळिशीच्या आतला, अंगानं काटक. आधी नुसतं भट्टीत लाकूड टाकायचा. नीट काम करतो म्हणून शेठनं त्यालाच बॉयलर सांभाळायला लावलं. त्याला शिकवलं कुणीच नव्हतं. "काच अर्धी भरेल दिसली की झालं," एवढं त्याला माहीत होतं.

पहिल्या शनिवारी मी नानांना स्कूटीवर घेऊन गेले. सह्या दोन मिनिटांत झाल्या, पण नाना बॉयलरपाशी गेले ते तिथंच रमले. किती दिवसांनी त्यांचा आवाज मोठा झाला होता. त्यांनी त्या माणसाला काच सोडून बघायला शिकवलं, त्याच्याकडून चारदा करून घेतलं. तो नानांच्या मागे मागे फिरत होता, चपला काढून, देवळात असल्यासारखा. मी गेटबाहेर गाडी चालू ठेवून उभी होते. मला मुख्याध्यापकांची मीटिंग गाठायची होती.

तेवढ्यात त्यानं विचारलं. मला गेटपर्यंत ऐकू आलं. "बाबा, आन् काचेत पाणी आलंच नाय तर?"

मी हॉर्न दिला. एकदा नाही, तीनदा.

"पुढल्या वेळंला सांगतो," नाना म्हणाले, आणि घाईघाईनं येऊन गाडीवर बसले.

पुढच्या महिन्यात तो माणूस ट्रॅक्टर खाली करत होता आणि मला परत घाई होती. त्याच्या पुढच्या महिन्यात नानांना ताप होता, म्हणून शेठनं वहीच घरी पाठवली.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी आमचा परिपाठ चालू होता. फार मोठा स्फोट नव्हे, पण जमीन हलली आणि मग कितीतरी वेळ नुसता फुसफुस आवाज येत राहिला. मी धावत कुंपणापाशी गेले. सगळीकडे पांढरं झालं होतं आणि त्यातून कांद्याची टरफलं उडत येत होती. बायका किंचाळत बाहेर येत होत्या. माझ्या पोरांच्या आया आत होत्या, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो तिथल्या भिंतीवर लावलेल्या नानांच्या फ्रेमचा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाकी सगळे वाचले. बॉयलरवरचा तो माणूस वाफेनं भाजला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला.

चिरायला बसणाऱ्या एका बाईनं सांगितलं की तो काचेखालची तोटी उघडबंद करत होता, दोनदा-तीनदा, आणि मग एकदम पंपाकडे पळाला. मी ते घरी येऊन नानांना सांगितलं. नानांनी डोळे मिटले. "काच सोडून बघितली त्यानं. पाणी वर आलं नाय. भ्याला. पंप चालू केला." तापून लाल झालेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि आतल्या लोखंडी नळ्या फाटतात. पण भांडं कोरडं पडलेलं दिसलं तर कुणीही पाणीच ओतेल. मीही ओतलं असतं. नानांनी शिकवलं तेवढं त्यानं अगदी बरोबर केलं होतं. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

त्याच दुपारी शेठ घरी आला. चौकशीला बॉयलर खात्याचे साहेब येणार, सर्टिफिकेटवाला माणूस कुठे होता ते विचारणार. "काका, घरी होतो म्हणालात तर तुमच्यावरही केस आणि माझ्यावरही. मी देतो ते एकच वाक्य सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी शेठला आधी भरपूर सुनावलं, माझा तोंडाचा पट्टा सुटला की थांबत नाही. आणि सुनावून झाल्यावर वही-पेन घेऊन बसले आणि ते वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं, नानांनी पाठ करावं म्हणून. "मी चहा पिण्यासाठी बाहेर गेलो असता सदर इसमाने मला न विचारता पंप चालू केला." व्याकरणाची एक चूक नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी अशी सुवाच्य अक्षरात दिली.

नानांनी साहेबांसमोर ते वाक्य म्हटलं आणि सही केली. घरी आल्यावर त्यांनी मटार सोलायला घेतले आणि सोललेले दाणे सालींमध्येच टाकत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत त्या गेलेल्या माणसाची बायको आली. बरोबर तिचा दीर होता. पत्ता विचारत विचारत दोघं पंचवटीच्या गल्ल्यांमधून फिरली होती. मला वाटलं, भांडायला आली. मी दारात उभी राहून शब्द जुळवत होते. तिनं आत आल्यावर आधी नानांच्या पायाला हात लावला.

भरपाई मिळाली नव्हती. त्यानं न विचारता हात लावला असं कागदात आहे, म्हणून हक्क लागत नाही, असं तिला सांगितलं होतं. पण नवीन बॉयलर बसलाय, आणि त्याच्या जागी दिराला घेतो म्हणून शेठ तयार झालाय. ती म्हणाली, "ते घरी लय सांगायचे, बाबा लय चांगलं शिकवत्यात. याला शिकवा. याला समदं शिकवा."

नानांनी ती नळी बाहेर काढली. पातेल्यात पाणी घेतलं, नळी बुडवून भरली, खालच्या तोंडाला अंगठा लावून वर उचलली आणि पातेल्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं. "बघ. पातेलं रिकामं हाय. काच भरेल दिसती का नाय?" दीर मान हलवत राहिला. नानांनी त्याला नळी हातात घ्यायला लावली, तासभर तेच तेच करून घेतलं. मी चहा ठेवला. नानांनी घेतला नाही.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "तोटी सोडली आन् काचेत पाणी आलंच नाय, तर पंपाला हात लावायचा नाय. भट्टीतलं लाकूड बाहेर ओढायचं, तिचा हवेचा पंखा बंद करायचा आन् सगळ्यांना घेऊन लांब व्हायचं. मालक बोंबलंल. बोंबलू दे."

"पाणी नाय टाकायचं?" दीर म्हणाला.

"नाय."

ती बाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "त्यांनी तर पाणीच टाकलं. त्यांना हे सांगितलं होतं, बाबा?"

"नाय," नाना म्हणाले. "त्यानं विचारलं होतं. मी सांगायचा राहिलो."

"मंग त्यांचं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं."

"मंग कागदावर तसं का नाय लिवलं?"

मला वाटलं, आता नाना माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. ते हॉर्नबद्दल बोलले नाहीत, वाक्याबद्दलही नाही. गुडघ्यावर हात देऊन उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि दारातल्या चपला पायात सरकवल्या.

"गाडी काढ," ते म्हणाले. "साहेबाकडं जायचंय. जबाब बदलायचाय."

मी म्हणाले, केस होईल नाना, या वयात कोर्टाच्या चकरा माराल का? ते म्हणाले, "गाडी काढ." मी म्हणाले, चावी सापडत नाहीये. मी टीव्हीवर बघितलं, कपाटावर बघितलं, पर्स उलटी केली. नाना आणि ती दोघं दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. चावी माझ्या डाव्या मुठीत होती.

थोडा वेळ नानांनी वाट बघितली. मग दिराला म्हणाले, "चल, स्टँडवर जाऊ. बस मिळंल." तिघं गल्लीतून पायी निघाली. नाना मध्ये, हळूहळू. मी खिडकीतून ते वळेपर्यंत बघत राहिले. शाळेला सुट्टी होती, आणि त्या दिवशी मला कुठेही जायची घाई नव्हती.