दुपारी घरी आलेला मी

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, हे आधीच सांगून टाकतो. भूत, करणी, अंगात येणं यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी चार उलट प्रश्न विचारून त्याला गप्प करायचो. पण एका दिवसाचं कोडं मला स्वतःलाच सुटलेलं नाही. जसं घडलं तसं लिहितो.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही कोल्हापूरचे चौघं मित्र सायकलवरून कन्याकुमारीला निघालो. सामान म्हणजे कॅरियरला बांधलेली एकेक वळकटी, पंप आणि पंक्चरचं साहित्य... बस्स. आईनं बांधून दिलेले लाडू हुबळीच्या आधीच संपले.

आबा, म्हणजे माझे वडील, या टूरच्या पूर्ण विरोधात होते. माझा थोरला भाऊ – आम्ही त्याला दादा म्हणायचो – आदल्या वर्षी विषमज्वरानं गेला होता. "एक गेला. आता दुसऱ्याला रस्त्यावर सोडू?" आबा म्हणाले. मी म्हणालो, "आबा, दादा तापानं गेला. सायकलवरून पडून नाही." ते उठून आतल्या खोलीत गेले. डॉक्टरला बोलवायला दोन दिवस उशीर झाला होता आणि 'साधा ताप आहे, उतरेल' असं म्हणणारे आबाच होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी निघालो तेव्हाही दारात आले नाहीत.

आता तो दिवस. परतीचा शेवटचा. आम्ही पहाटे बेळगाव सोडलं. त्या दिवशी घरी पोचायचंच, असं ठरलं होतं. पण निपाणीच्या अलीकडे बापूच्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्या. बापू आमच्यातला सगळ्यात दणकट गडी, कागलकडच्या शेतकरी घरातला. मागची बाजू उचलून धरत, सायकल ढकलत तो निपाणीपर्यंत चालत आला. सायकल दुकानदार म्हणाला, "जेवून घ्या पावणं, वेळ लागंल."

आम्ही जेवलो. दुकानाशेजारी तंबाखूची वखार होती, तिच्या सावलीत पोत्यांना टेकून मी बसलो आणि मला झोप लागली. स्वप्न वगैरे काही पडलं नाही. जाग आली ती बापू गदागदा हलवत होता तेव्हा. "आरं ऊठ की मर्दा! किती हाका मारायच्या? ह्यो झोपलाय का गेलाय, कळंना झालंय." तिघांचेही चेहरे उतरले होते. माझे हातपाय गार पडले होते म्हणे. मी पाणी प्यालो, चाक बसवून झालं होतं, आम्ही निघालो.

दिवेलागणीला कोल्हापुरात शिरलो. मंगळवार पेठेतल्या घरासमोर मी सायकल टेकवली, तेव्हा आई तुळशीपाशी दिवा लावत होती. मला वाटलं, आता धावत येईल, रडेल. तिनं नुसतं वळून पाहिलं.

"मिळाली सायकल?" ती म्हणाली. "आणि एवढा वेळ कुठं गेलतास?"

मला अर्थच लागेना. मी म्हणालो, "आई, मी आत्ता येतोय. बेळगावहून."

"चेष्टा पुरे. दुपारी न जेवता गेलास, आता तरी जेव."

मग थोडं थोडं करून कळलं ते असं. दुपारी मी चालत घरी आलो होतो. सायकल मागं राहिलीय, एवढंच म्हणालो. आबा दम्यानं आठवडाभर अंथरुणात होते – हे मला माहीतच नव्हतं – मी सरळ त्यांच्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. आईला आतलं बोलणं ऐकू आलं नाही. आबांचं रडणं तेवढं ऐकू आलं. मग मी बाहेर आलो, 'येतो' म्हणालो आणि निघून गेलो. शेजारच्या काकूंनीही मला जाताना पाहिलं होतं.

बोलता बोलता आईनं कंदील वर केला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"दुपारी एवढा काळवंडलेला नव्हतास रे तू," ती म्हणाली. नंतर तिनं हा विषय कधीही काढला नाही.

मी आबांच्या खोलीत गेलो. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "ये, बस," म्हणाले. मी त्यांना सांगितलं की दुपारी मी निपाणीत होतो, तिघं साक्षीला आहेत. ते हसले. "बरं बरं. तुला लाज वाटत असेल तर नाही काढत तो विषय." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बापूला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझा दादा तर न्हाय आलता?" पण दादा गोरा, उंच, माझ्यापेक्षा अगदी वेगळा. सख्खी आई दोन मुलांत गोंधळेल होय? शिवाय निपाणी ते कोल्हापूर हे अंतर झोपेत जाऊन येण्याएवढं थोडं नाही. मी निपाणीतून हललो नव्हतो, हे तर तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवसानंतर आबा बदलले. दादाचा फोटो त्यांनी ट्रंकेत ठेवून दिला होता, तो काढून भिंतीवर लावला. त्याच्या आठवणी सांगायला लागले, हसायलाही लागले. मी पुन्हा कधी खुलासा केला नाही. खुलासा करून काय साधणार होतं?

पाच-सहा वर्षांनी आबा गेले. शेवटच्या आजारपणात एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्या दुपारी तू दादाबद्दल बोललास ना... तेवढं परत एकदा सांग."

मी त्यांचा हात हातात घेतला. काय बोललो होतो, कोण बोललं होतं, मला काहीच माहीत नव्हतं. शेवटी म्हणालो, "आबा, तेव्हा सांगितलं ना... तेच खरं."

त्यांनी मान हलवली आणि समाधानानं डोळे मिटले.

ते 'तेच' काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.