एर्वेन गप्प बसली ती बैठक

एर्वेन प्रॉसर माझी मालकीण आणि मैत्रीणही. आमच्या छोट्या वेल्श गावात तिचं केस कापायचं दुकान आहे. मी तिथे केस धुते, कर्लर लावते. ज्या म्हाताऱ्यांना दुकानापर्यंत येववत नाही त्यांच्या घरी ती स्वतः कात्री घेऊन जाते. याच माणसांनी आग्रहाने तिला नगरसेविका केलं. तिच्या पक्षाने मग कौन्सिलच्या छाननी समितीचं अध्यक्षपद तिच्या गळ्यात घातलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

"कारभार करणारे वेगळेच," ती म्हणायची. "आपण नुसतं विचारायचं, असं का केलंत बाबांनो? फार तर निर्णय फेरविचाराला परत पाठवायचा. सासूसारखं आहे गं. बोलता येतं, पण सुनेच्या हातातला डाव काढून घेता येत नाही."

त्या वर्षी कारभारी मंडळाने ठरवलं की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारी घरपोच मिळणारं गरम जेवण बंद करायचं आणि आठवड्यातून एकदा गोठवलेले डबे पोचवायचे. आमच्या बाजूच्या गल्ल्यांत ते सुरूही झालं. हे खातं एम्रिस ट्रँटरकडे होतं. एम्रिस एर्वेनच्याच पक्षाचा, शाळेपासूनचा दोस्त. माणूस वाईट नव्हे. "हा खर्च कापला नाही तर पाळणाघराचा कापावा लागेल," असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं.

एर्वेनच्या समितीने हा विषय छाननीला घेतला. त्याच सुमारास ती ग्विलिम बेडोंचे केस कापायला गेली. ग्विलिम म्हणजे रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले, ताठ मानेचे विधुर गृहस्थ. कापताना कात्री त्यांच्या कानाला लागली. बर्फ आणायला तिने फ्रीझर उघडला, तर आत न उघडलेल्या डब्यांची चळत. काहींच्या प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांवर दातांच्या खुणा होत्या. तिने वळून त्यांच्या हातांकडे पाहिलं. संधिवाताने बोटं पार वाकडी झालेली.

"मग खाता काय तुम्ही?"

"चहा-बिस्किट. आणि हे बघ पोरी, कुणाला सांगायचं नाही. माझ्या लेकीच्या कानावर गेलं तर ती मला वृद्धाश्रमात नेऊन टाकेल. शब्द दे."

तिने शब्द दिला. मला हे सगळं मागाहून कळलं.

गंमत बघा, कौन्सिलने फोन करून डब्यांबद्दल विचारलं तेव्हा ग्विलिम "सगळं छान" म्हणाले होते. म्हणून एम्रिसच्या खात्याने छाननीच्या बैठकीत बोलायला नेमकं त्यांनाच बोलावलं. मीही ऐकायला जाऊन बसले होते.

"बेडोसाहेब, डबे कसे असतात?" एम्रिसने विचारलं.

"छान."

"काही अडचण?"

"नाही."

अध्यक्षांच्या खुर्चीत एर्वेनचा चेहरा पांढराफटक. एका वाक्यात तिला सगळा डाव उलटवता आला असता. तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "आभारी आहे, बेडोसाहेब."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" एम्रिस खुशीत म्हणाला. "बेडोंना जमतं, तर गावात कुणालाही जमेल."

काठी टेकत निघालेले ग्विलिम थबकले. माघारी येऊन खुर्चीत बसले.

"एम्रिस, हे माझ्या नावावर खपवू नकोस. मी खोटं बोललो." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मला ते डबे उघडत नाहीत. दाताने फाडायला गेलो तर कवळी हातात आली."

कुणीतरी हसलं. तेही हसले.

"जेवण घेऊन यायची ना, ती बाई झाकण काढून द्यायची. दोन शब्द बोलायची. आता बोलायला रेडिओ आहे, पण तो माझं कुठे ऐकतो?"

एर्वेनने मतं मागितली. समितीने निर्णय एकमताने फेरविचाराला पाठवला.

बाहेर एम्रिसने तिला गाठलं. "तुला माहीत होतं! चेहऱ्यावर दिसत होतं."

"होतं."

"मला आधी सांगायचंस. सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस."

"त्यांना शब्द दिला होता रे."

"आणि मी तुझा कोण?"



ज्यांचे हात चालत नाहीत किंवा ज्यांना जेवायचं आठवत नाही त्यांना गरम जेवण पुन्हा सुरू झालं. बाकीच्यांना डबेच राहिले. ग्विलिमची लेक कार्डिफहून आली, रडली, भांडली, पण त्यांना आश्रमात नेलं नाही. या प्रकरणावरून मे महिन्यात पक्षाने एर्वेनचं अध्यक्षपद काढून दुसऱ्याला दिलं. समितीत ती अजून आहे. सध्या गावातल्या बसगाड्यांच्या प्रश्नामागे लागली आहे.

"खुर्ची गेल्याचं वाईट वाटतं?" मी विचारलं.

"छे गं. एम्रिसचं वाटतं."

मागच्या शुक्रवारी एम्रिसची बायको दुकानात आली. एर्वेनने मला बाजूला करून तिचे केस स्वतः धुतले, सेट केले. दोघी हवापाण्याचं बोलत राहिल्या. जाताना कोट चढवत ती म्हणाली, "तो विचारत होता तुझ्याबद्दल."

"काय विचारत होता?"

"काही नाही. नुसतंच, कशी आहे म्हणून."